पहिल्या पोर्टचा मानकरी

ऑफिसच्या दाराबाहेर कुणी बटण दाबलं की ते माझ्या टेबलावर वाजतं. दार माझ्यापासून लांब, मध्ये दोन कपाटं. त्या दाराशी माझा संबंध आत येण्या-जाण्यापुरता. तरी येणाऱ्या प्रत्येकाशी पहिलं बोलणं आता माझंच. मी विचारतो, "कोण?" पलीकडून उत्तर येतं, "मी."

जुना इंटरकॉम मोडीत निघाला आणि नवा ईपीएबीएक्स आला, म्हणजे ऑफिसातले फोन आपसांत आणि बाहेरच्या लाइनींशी जोडणारा डबा. तीन बाहेरच्या लाइनी, आठ एक्स्टेंशन, एवढाच जीव. तो डबा नेमका माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर ठोकला. जोडायला आलेल्या मुलाने पंचिंग टूलने पट्टीत खटाखट वायरी बसवल्या. सगळ्यात जवळची वायर माझी, म्हणून ती पहिल्या पोर्टला, म्हणजे डब्यात वायर जोडायच्या पहिल्या जागेला. अशा छोट्या सिस्टिममध्ये पहिल्या पोर्टवर जो फोन, त्यालाच मशीन बहुधा ऑपरेटर धरतं. बाहेरचे कॉल आधी त्याच्याकडे, दाराचा फोन त्याच्याकडे, आणि प्रोग्रामिंग करायचं तेही त्याच्यावरूनच. माझं पद काय, नोकरी किती झाली, याची चौकशी मशीनने केली नाही. निदान मुलाने तरी करायची होती.

पण त्याला सवड कुठे होती? त्याला हिशेब विभागातल्या काकांनी धरलं होतं. उघडी वायर दिसली की काकांना राहवत नाही. त्यांनी कपाटातून जुना, जड, चौकोनी फोन काढला, शर्टाच्या बाहीने पुसला आणि स्वतःच्या टेबलाखालच्या सॉकेटमध्ये खोचला. डायल टोन नाही.

"मेला वाटतं," काका म्हणाले.

"मेला नाही काका, तो डिजिटल पोर्ट आहे. साधा फोन ॲनालॉग पोर्टलाच चालतो."

"पिन तर बसली की!"

"पिन बसते."

"मग?"

"पिन बसते, फोन चालत नाही."

"मग बसते कशाला?"

मुलगा गप्प झाला. मीही. काकांची आणि माझी मतं सहसा जुळत नाहीत, पण इथे मी पूर्ण त्यांच्या बाजूने. भोक तेच, पिन तीच, आत मात्र दोन वेगळे संसार. ज्याने हे ठरवलं त्याला एकदा आमच्या टेबलाखाली वाकवून बसवायला हवं.

शेवटी काकांना ॲनालॉग पोर्ट मिळाला, जुना फोन बोलू लागला आणि त्यांनी पहिला कॉल लावला तो मला. आमची टेबलं लागूनच आहेत.

"ऐकू येतंय का?"

"येतंय."

"फोनमधून येतंय की तसंच?"

"दोन्हीकडून."

"असं नाही चालायचं. थांबा, हळू बोलतो." मग ओठ हलले. "आता?"

"आता कुठूनच नाही."

"म्हणजे लाइनमध्ये दोष आहे," काका त्या मुलाकडे वळून म्हणाले, आणि त्याने खरोखरच शिडी पुन्हा लावली.

माझ्या हेडसेटची गत वेगळीच. त्याची पिन रिसीव्हरच्या गुंडाळलेल्या वायरीची, चार तारांची, नव्या फोनमध्येही चपखल बसली. पण कुठल्या दोन तारा माइकच्या आणि कुठल्या कानाच्या, यावर फोन बनवणाऱ्यांचं एकमत नाही. परिणाम असा की मला सगळ्यांचं ऐकू येतं, माझं कुणालाच नाही. नोकरीत हे आधीही होतं म्हणा, फक्त त्याला वायर नव्हती.

होल्डवरच्या धुनेचा डबाही जोडला आहे. या छळाचा जनक आल्फ्रेड लेव्ही, अमेरिकेतला कारखानदार. त्याच्या कारखान्यात एक सुटी वायर लोखंडी तुळईला टेकली आणि शेजारच्या रेडिओ स्टेशनचं प्रसारण होल्डवर थांबलेल्यांना ऐकू येऊ लागलं. दुसऱ्या कुणी वायरमनला बोलावलं असतं. याने 1962 साली पेटंटचा अर्ज केला आणि 1966 साली ते मिळवलंही. काकांना मी हे सांगायला नको होतं. तेव्हापासून ते प्रत्येक सुट्या वायरीकडे आशेने बघतात.

आता मी दिवसभर लोकांच्या लाइनी जोडून देतो. फ्लॅश (चालू कॉल थांबवून दुसरीकडे द्यायचं बटण) दाबा, नंबर फिरवा, ठेवा. फ्लॅश जरा जास्त वेळ दाबला गेला की मशीनला वाटतं फोन ठेवला, आणि माणूस तुटतो. तुटलेला माणूस पुन्हा फोन करतो, तोही माझ्याकडेच, आणि चिडलेला. माझं मूळ काम संध्याकाळी सगळे गेल्यावर सुरू होतं. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. उलट साहेब म्हणाले, "तुमच्यामुळे फोनची छान सोय झाली."

मी त्या मुलाला परत बोलावलं. म्हटलं, माझी वायर काढ, दुसऱ्या कुठल्याही पोर्टला टाक. ते नसेल जमत तर दाराचा फोन तरी दुसऱ्याकडे वळव. त्याने मान डोलावली. वळवणं सोपं आहे, दोन कोड दाबायचे. माझ्या खुर्चीत बसून त्याने रिसीव्हर उचलला, तर पलीकडे कुणीतरी हिशेब विभाग मागत होतं. ते जोडून दिलं, तोवर दुसरी लाइन वाजली. मग दार. मग काका, शेजारून, "ऐकू येतंय का?"

मुलगा उठला. रिसीव्हर माझ्या हातात देत म्हणाला, "सर, प्रोग्रामिंगला हाच फोन मोकळा लागतो. तुमच्याकडे काम जरा कमी असेल तेव्हा बोलवा."