बुद्धिबळ, घाम आणि क्रीडेची व्याख्या

बुद्धिबळाला अधिकृत क्रीडाप्रकार म्हणून मान्यता देऊ नये, अशा आशयाचे एक प्रतिपादन सध्या बरेच फिरते आहे. त्याचा सारांश असा: शारीरिक श्रम नाहीत तिथे क्रीडा नाही; मोहरी दुसऱ्या कोणी हलवली तरी निकाल बदलत नाही; यंत्राने माणसाला केव्हाच हरवल्यामुळे या खेळात पराक्रम उरलेला नाही; आणि आज बुद्धिबळाला मान्यता दिली तर उद्या पत्ते नि सापशिडीही रांगेत उभी राहतील व मैदानी खेळांच्या निधीला कात्री लागेल. बुद्धिबळाविषयी मला मनापासून आस्था आहे, आणि म्हणूनच यांतील एकही मुद्दा न तपासता सोडून द्यावा असे वाटत नाही.

श्रमांच्या मुद्द्यावर बुद्धिबळाचे समर्थकच पुष्कळदा चुकीचे उत्तर देतात. ग्रँडमास्टर स्पर्धेच्या एका दिवसात ६,००० कॅलरी खर्च करतो, असे सर्रास सांगितले जाते. विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा मेंदू वापरतो हे खरे; परंतु विचार कितीही खोल असला तरी त्यामुळे या खर्चात पडणारी भर अल्पच असते, तेव्हा तो आकडा आपणच सोडून द्यावा. दाखवता येते ती गोष्ट वेगळी आहे. सप्टेंबर १९८४ मध्ये मॉस्कोत सुरू झालेली कार्पोव आणि कास्पारोव यांची विश्वविजेतेपदाची लढत ४८ डाव चालली, त्यांतील ४० बरोबरीत सुटले, आणि अखेर फेब्रुवारी १९८५ मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या, अध्यक्षांनी खेळाडूंच्या थकव्याचे कारण देऊन ती निकालाविना थांबवली. दुबईतील २०२१ च्या लढतीत कार्लसन आणि नेपोम्नियाशी यांचा सहावा डाव १३६ चालींचा, पावणेआठ तासांचा झाला. पहिले पाचही डाव बरोबरीत सोडवणारा नेपोम्नियाशी तो डाव हरला आणि पुढच्या पाचांपैकी आणखी तीन हरला. या पडझडीचे सगळे श्रेय थकव्याला देता येणार नाही. पण सहाव्या-सातव्या तासाला अचूक चाल सुचण्यासाठी शरीरही टिकावे लागते, हे पटाजवळ बसलेल्या कोणालाही ठाऊक असते.

मोहरी कोणीही हलवावीत, हा आक्षेप मात्र मला सर्वांत वजनदार वाटतो. नेमबाजाला आपली बंदूक दुसऱ्याच्या हाती देता येत नाही; बुद्धिबळात मात्र दृष्टिहीन किंवा शारीरिक अडचण असलेल्या खेळाडूची चाल मदतनीसाने पटावर करण्याची मुभा नियमांतच आहे. म्हणजे येथील कौशल्य हाताचे नाही, हे मान्यच करावे लागते. त्यावरून ते क्रीडाकौशल्य नव्हे असा निष्कर्ष निघतो का, हे सर्वस्वी व्याख्येवर अवलंबून राहते. इंग्लंडमध्ये क्रीडानिधी वाटणारी ‘स्पोर्ट इंग्लंड’ ही संस्था शारीरिक हालचालीची अट घालते, आणि ब्रिज या पत्त्यांच्या खेळाच्या संघटनेने त्याविरुद्ध दाद मागितली तेव्हा, २०१५ मध्ये, अशी अट घालण्याचा तिचा अधिकार उच्च न्यायालयाने मान्य केला. त्याच देशातील धर्मादाय संस्थांविषयीचा २०११ चा कायदा मात्र क्रीडेच्या व्याख्येत शारीरिक ‘किंवा मानसिक’ कौशल्य असे स्पष्ट म्हणतो. एकाच देशात दोन व्याख्या नांदतात, कारण दोन्ही आपापल्या प्रयोजनासाठी केलेल्या आहेत. त्यांपैकी एकीलाच क्रीडेचे सनातन लक्षण मानण्याचे कारण नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९९ मध्ये फिडेला मान्यता दिली, २००६ मध्ये दोहा येथील आशियाई क्रीडास्पर्धेत बुद्धिबळाची पदके दिली गेली, आणि या खेळाडूंना उत्तेजकविरोधी नियमही लागू आहेत. आपल्या भाषेने तर बैठा खेळ आणि मैदानी खेळ असा भेद करूनही दोघांना खेळच म्हटले आहे.

यंत्राचा मुद्दा फार वेळ घेण्याजोगा नाही. १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ या संगणकाने कास्पारोवला हरवले, हे खरे, पण मोटारसायकल धावपटूपेक्षा वेगवान असल्यामुळे शर्यतींचे मोल कमी झाल्याचे कोणी म्हणत नाही. चुरस माणसामाणसांत असते.

राहिला प्रश्न रांगेचा आणि पैशाचा. सापशिडीत सर्व काही फासा ठरवतो, त्यामुळे ती या रांगेत येतच नाही. ब्रिजमध्ये तेच पत्ते निरनिराळ्या जोड्यांना खेळायला देऊन नशिबाचा वाटा बराच कमी करता येतो, म्हणून त्याचा विचार स्वतंत्रपणे व्हावा आणि २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत तो झालाही. निधीबाबत आक्षेपकांचे एक म्हणणे मला पूर्ण मान्य आहे: लोकांनी धावावे, पोहावे, शरीर हलवावे यासाठी राखलेला पैसा बुद्धिबळाकडे वळवणे अयोग्य ठरेल. परंतु त्यासाठी मान्यताच नाकारण्याची गरज नाही. बौद्धिक खेळांचा स्वतंत्र गट करून त्याची वेगळी तरतूद करता येते. मान्यतेविना मात्र राष्ट्रीय संघात निवड झालेल्या मुलीला शाळेकडे रजा मागताना, संघटनेला स्पर्धेसाठी सभागृह मागताना आणि प्रशिक्षकाला मानधन मागताना, आपण खेळतो तो खेळच आहे हे प्रत्येक वेळी नव्याने सिद्ध करावे लागते.