होरसचा डोळा कपाळावर नव्हता

महिन्याभरात एकच फॉरवर्ड मला तीन ग्रुपांवर आला. डावीकडे इजिप्तमधला 'होरसचा डोळा', उजवीकडे मेंदूचा उभा छेद, मध्ये लाल बाण. खाली मजकूर: हा डोळा म्हणजे मेंदूतली पिनिअल ग्रंथी, आपलं आज्ञाचक्र, इजिप्तच्या पुजाऱ्यांनी पाच हजार वर्षांचं हे ज्ञान गुपित म्हणून थडग्यांत चितारून ठेवलं, त्याचे सहा भाग म्हणजे सहा इंद्रियं, फेरो, म्हणजे इजिप्तचे राजे, तो कपाळावर धारण करत. शेवटी हात जोडलेले आणि 'पुढे पाठवा'. मी पुढे पाठवलं नाही, उत्तर लिहायला बसलो.

'आकार हुबेहूब जुळतो.' जुळणारच. छेद कुठला घ्यायचा आणि बाण कुठे लावायचे, हे चित्र करणाऱ्याच्याच हातात होतं. डोळ्याखालची उभी रेघ आणि मागे वळलेलं वेटोळं ही ससाण्याच्या तोंडावरची खूण आहे. होरस ससाण्याच्या रूपातला देव, म्हणून माणसाच्या डोळ्याला आणि भुवईला ससाण्याचा गाल जोडलेला. आणि थडग्यांतच बघायचं, तर मध्य राज्याच्या काळातल्या, म्हणजे साधारण चार हजार वर्षांपूर्वीच्या, लाकडी शवपेट्या बघा. त्यांच्या पूर्वेकडच्या बाजूवर डोळा रंगवलेला असतो, पण एक नाही, दोन. मृताला आत डाव्या कुशीवर निजवत, तोंड बरोबर त्या डोळ्यांसमोर. त्यातून त्याने उगवता सूर्य पाहावा ही सोय. पिनिअल ग्रंथी प्रत्येकाला एकच असते, आणि तिच्यातून बाहेर डोकावता येत नाही.

'त्यांना मेंदूचं रहस्य माहीत होतं.' इथे थोडं माप त्यांच्या पदरात टाकायला हवं. इ.स.पू. १६०० च्या सुमाराच्या एडविन स्मिथ पपायरस या वैद्यकीय गुंडाळीमध्ये जखमांची ४८ प्रकरणं आहेत. फुटलेल्या कवटीतून दिसणाऱ्या मेंदूच्या वळ्यांना त्यात वितळलेल्या तांब्यावरच्या सुरकुत्यांची उपमा आहे. निरीक्षण पक्कं होतं. पण पिनिअल ग्रंथीचं नावही त्यात नाही. आणि ममी करताना काय करत? पुष्कळ ममींमध्ये नाकातून आकडी घालून मेंदू बाहेर काढलेला आहे, आणि तो जपून ठेवायची पद्धत नव्हती. यकृत, फुप्फुसं, जठर, आतडी यांना मात्र स्वतंत्र बरण्या आणि राखणीला होरसचे चार पुत्र. हृदय शक्यतो छातीतच. बुद्धी आणि स्मृती त्यांच्या लेखी तिथे होती. म्हणून तर छातीवर हिरवट दगडाचा शेणकिडा ठेवत आणि त्यावर हृदयाला विनवणी कोरत, की मेल्यानंतरच्या निवाड्याच्या वेळी माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस. आज्ञाचक्राचा ठाव लागलेले लोक ते नाकातून ओढून काढतील?

पिनिअल ग्रंथी म्हणजे तिसरा डोळा, ही सांगड थिऑसफी या गूढवादी पंथाच्या लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकप्रिय केली. त्यांच्या मादाम ब्लाव्हाट्स्की १८७९ मध्ये मुंबईत आल्या, गिरगावात बिऱ्हाड केलं आणि १८८२ च्या अखेरीस मद्रासजवळ अड्यारला गेल्या. तेव्हा फॉरवर्डमधलं 'पाच हजार वर्षांचं ज्ञान' नाईल नदीपेक्षा गिरगावाला जवळचं आहे.

'सहा भाग, सहा इंद्रियं.' डोळ्याच्या सहा तुकड्यांना पूर्वी १/२ ते १/६४ हे सहा अपूर्णांक जोडले जात. मुळात ते धान्याच्या मापाचे अपूर्णांक. त्यांची चिन्हं डोळ्याच्या तुकड्यांपासून आली हेही आता अभ्यासक मानत नाहीत. इंद्रियं तर फारच अलीकडे चिकटवलेली.

'पुजाऱ्यांचं गुपित' म्हणाल, तर या डोळ्याचे ताईत फायन्सचे, म्हणजे निळ्याहिरव्या झिलईच्या मातीसारख्या पदार्थाचे, साच्यातून ढिगाने पाडलेले सापडतात. काळ्या तिटीइतकंच ते गुपित.

राहिलं कपाळ. फेरोच्या कपाळावर नाग असतो. तुतनखामेनच्या मुखवट्यावर नाग आणि गिधाड. डोळा नाही.

मग ममीवर तो कुठे? मला यातली सर्वांत बोलकी वस्तू वाटते ती इजिप्तमधल्या टॅनिस या प्राचीन शहराची. १९४० मध्ये फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर माँते यांनी तिथे प्सुसेनेस पहिला या राजाची अबाधित कबर उघडली. त्यात सोन्याचा एक चौकोनी पत्रा निघाला. मधोमध हा डोळा, दोन्ही बाजूंनी होरसचे चार पुत्र, दोन-दोन, त्याच्याकडे तोंड करून. हा पत्रा पोटाच्या डाव्या बाजूला बसवायचा, जिथून आतडी काढण्यासाठी चीर दिलेली असे, बरोबर तिच्यावर. कथा अशी की सेत या देवाने होरसचा डोळा फोडला आणि थोथ या देवाने तो बरा केला. त्या डोळ्याचं नाव 'वेजत', म्हणजे धड, सारं काही शाबूत. शरीर कापलं तर गेलंच होतं, आणि ते कापल्याशिवाय टिकतही नव्हतं.

मी त्या पत्र्याचा फोटो ग्रुपवर टाकला. आत्याने विचारलं, "म्हणजे टाक्यांवरची पट्टी का रे?" मी म्हटलं, "हो आत्या, सोन्याची."