फेंडर-बेंडरमध्ये दारू कुठून आली?

अमेरिकेला निघालेल्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय: 'फेंडर म्हणजे बंपर, बेंडर म्हणजे पिऊन तर्र होणं. म्हणून फेंडर-बेंडर म्हणजे दारुड्याने बंपरला दिलेली धडक. किरकोळ मामला, सॉरी म्हणा आणि निघा.' यातला एकही तुकडा धड नाही.

आधी फेंडर. अमेरिकेत फेंडर म्हणजे चाकावरचा पत्रा, आपण ज्याला मडगार्ड म्हणतो तो. बंपर वेगळा. शब्द मूळचा बोटींचा: 'डिफेंड'मधला 'फेंड', म्हणजे थोपवणं. लाँच धक्क्याला घासू नये म्हणून मध्ये जुने टायर टांगतात ना, तेही फेंडरच.

बेंडरचा दारूशी संबंध आहे, पण तो वेगळ्या अर्थाने. एकोणिसाव्या शतकापासून अमेरिकन बोलीत सलग पीत सुटण्याला 'बेंडर' म्हणतात, हे खरं. इथे मात्र साधं 'बेंड', वाकवणं. पत्रा वाकवणारी ती टक्कर. यमक जुळलं आणि विसाव्या शतकाच्या मध्यात शब्द रुळला. चालक शुद्धीत असला तरी तो फेंडर-बेंडरच. लंडनमध्ये मात्र हा शब्द अमेरिकनच वाटेल. तिथे मडगार्डला 'विंग' म्हणतात आणि अशा धडकेला 'प्रँग'.

शेवटचा सल्ला सगळ्यात घातक. 'किरकोळ' हे पत्र्याबद्दल झालं, कायद्याबद्दल नाही. कॅलिफोर्नियाचंच घ्या. फक्त गाडीचं नुकसान झालं असलं तरी थांबून नाव-पत्ता न देता निघून जाणं हा गुन्हा आहे. 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पार्किंगमधल्या रिकाम्या गाडीला ठोकलंत आणि मालक सापडला नाही, तर काचेवर नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवायची आणि पोलिसांनाही कळवायचं. कुणाला जरासं लागलं किंवा कुणा एकाचं 1000 डॉलरहून जास्त नुकसान झालं, तर 10 दिवसांत तिथल्या मोटार वाहन विभागाकडे एसआर-1 फॉर्म भरायचा. चूक कुणाचीही असो, पोलीस येऊन गेलेले असोत वा नसोत.

आणि 1000 डॉलर ही रक्कम मोठी वाटत असेल, तर हल्लीच्या गाडीच्या बंपरमागे काय काय असतं ते गॅरेजवाल्याला विचारा. सेन्सर, रडार, कॅमेरा! वरून नुसता ओरखडा दिसतो आणि बिल पाहून घाम फुटतो. मान लचकलेली असेल तर तेही बऱ्याचदा दुसऱ्या दिवशीच कळतं. तोवर समोरच्याचा नंबर घेतलेला असलेला बरा.