रविवार, राज्यघटना आणि आल्याचा तुकडा

जर्मनीत रविवारची सुट्टी राज्यघटनेत लिहिलेली आहे. थट्टा नाही करत. १९१९ च्या वायमार राज्यघटनेचं १३९ वं कलम सांगतं की रविवार आणि सणवार हे विश्रांतीचे आणि आत्मिक उन्नतीचे दिवस आहेत आणि कायदा त्यांचं रक्षण करील. पुढे हिटलर आला, युद्ध झालं, देश बेचिराख झाला, १९४९ साली नवी राज्यघटना आली आणि तिच्या १४० व्या कलमाने हे जुनं कलम जसंच्या तसं पोटात घेतलं. सरकारं बुडाली, रविवार तरला. म्युनिकला शिकायला येण्याआधी मी व्हिसा, विमा, थंडी, वसतिगृह अशी सगळी माहिती काढली होती. रविवारबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नव्हता.

परदेशातल्या विद्यार्थ्याचे बाकीचे सहा दिवस सांगण्यासारखे नसतात. लेक्चर, लॅब, मेन्सा नावाच्या खानावळीतले उकडलेले बटाटे, परत लॅब. खरं शिक्षण रविवारी होतं.

त्याची तयारी शनिवारी संध्याकाळी करायची असते. बव्हेरियात दुकानं रात्री ८ ला बंद. आठ म्हणजे आठ. निम्म्या शटरखालून वाकून आत शिरायची आणि 'एवढं दूध द्या हो' म्हणायची सोय नाही. शनिवारी मी एका गोदामात खोकी उचलतो. परदेशी विद्यार्थ्याला वर्षातले १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे आणि माझ्या वेळापत्रकात शनिवार तेवढा बसतो. तिथून सुटता सुटता साडेसात होतात. धावतपळत दुकान गाठावं तर उद्या युद्ध जाहीर होणार असल्यासारखं अख्खं शहर दूध, अंडी, पाव घेऊन बाहेर पडत असतं. पावाच्या फळीवर फळीच तेवढी उरलेली असते.

बरं, बाहेर जेवावं म्हटलं तर पैसे आहेत आणि नाहीतही. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधीच एका गोठवलेल्या खात्यात भरावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात. कर्ज बाबांचं, पैसे माझे, कुलूप सरकारचं.

तर रविवार. हिवाळ्यात घरचं घड्याळ साडेचार तास पुढे असतं. आईची सगळी कामं उरकून अकरा वाजतात तेव्हा माझ्याकडे साडेसहा, म्हणजे अजून मिट्ट काळोख. फोन वाजतो. रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ रोजचीच आहे. रविवारी ती उठतच नाही, दिवसभर चालू राहते. आणि आमच्या इमारतीच्या भिंती अशा, की शेजारी शिंकला तर मी इकडून 'गेझुंडहाइट' म्हणतो आणि तो तिकडून 'डांके' म्हणतो. उलट आमच्या घराण्यात हळू बोलायची पद्धत नाही. बाबा तर फोनवर अंतराच्या हिशेबाने आवाज लावतात. आत्याशी बोलताना मध्यम, माझ्याशी तारसप्तक. मी पांघरुणात शिरून कुजबुजतो.

"आवाज का बसलाय रे तुझा?"

"बसला नाही आई. रविवार आहे."

"रविवारी बसतो?"

"अगं, इथे रविवारी मोठ्याने बोलत नाहीत."

"का? कुणी गेलं का?"

मागून बाबा गरजतात, "वाफ घे म्हणावं! आणि परीक्षेत किती पडले ते विचार!"

"एक पूर्णांक तीन," मी पांघरुणातून सांगतो.

मग तिकडे जी शांतता पसरते, तिच्यात जर्मन कायद्यालाही खोट काढता येणार नाही. इथे १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास. हे मी दर सत्राला समजावतो, बाबांना ते पटतंही. पण नातेवाइकांनी विचारलं की ते अजून "चांगलं चाललंय त्याचं" एवढंच म्हणतात. आकडा घरातच ठेवतात.

यानंतर जरा डोळा लागतो न लागतो तोच चर्चच्या घंटा सुरू होतात. लहानसहान किणकिण नाही; खिडकीची काच थरथरते आणि टेबलावरचा चमचा जागा सोडतो. घंटांचा आवाज इथे आवाजात धरत नाहीत. तो बहुधा आत्मिक उन्नतीच्या खात्यात जमा होत असावा.

माझा प्रश्न मात्र आल्याचा होता. आठवड्याचं आलं-लसणाचं वाटण रविवारी करून ठेवायचं, ही माझी शिस्त. निवासी भागात रविवारी गवत कापायचं यंत्र लावायला देशभर बंदी आहे, ड्रिल चालवणं तर पापच, तेव्हा मिक्सर लावायची हिंमत मी कधीच केली नव्हती. बत्ता चालेल, असा माझा समज होता. ओट्यावर टॉवेलची चौपदरी घडी, त्यावर खल, आणि मी अगदी हलक्या हाताने आलं ठेचत होतो. दारावर टकटक झाली. खालच्या मजल्यावरच्या आजी. वय ऐंशीच्या पुढे, केस नीट बसवलेले, गळ्यात मोत्यांची माळ. माझ्याशी भांडायला येण्यासाठी त्यांनी माळ घातली होती, याचं मला आजही कौतुक वाटतं.

"ग्रूस गॉट," आजी म्हणाल्या. "तुम्ही भिंतीत खिळे ठोकताय का?"

मी त्यांना आल्याचा तुकडा दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, चष्मा वर करून पाहिला, हुंगला आणि परत माझ्या तळहातावर ठेवला.

"हे सोमवारीही ठेचता येतं, तरुण माणसा."

इतकं बिनतोड वाक्य मी इथल्या एकाही लेक्चरमध्ये ऐकलेलं नाही. त्यानंतर कितीतरी रविवार मी आलं किसणीवर किसलं. किसणी बोलत नाही. फक्त बोटं सोलते, आणि तेव्हा मला बोलता येत नाही.

कचऱ्याचं प्रकरण याहून नाजूक. कागद निळ्या डब्यात, ओला कचरा तपकिरी डब्यात, हे अंगवळणी पडलं. प्लास्टिक आणि काच मात्र रस्त्यावरच्या मोठ्या पिंपांत नेऊन टाकायची. काचेतही जाती आहेत: पांढरी, तपकिरी, हिरवी. निळी बाटली असेल तर ती हिरव्यांत. अख्खा आठवडा लॅबमध्ये काढल्यावर हे सगळं वर्गीकरण करायला मोकळा दिवस एकच, आणि नेमका त्याच दिवशी काच टाकायला बंदी, कारण बाटली पडली की आवाज होतो.

अनामत रक्कम लावलेल्या बाटल्यांची तीच कथा. २००३ पासून इथे कॅनवर अनामत घेतात. एका कॅनचे किंवा एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीचे २५ सेंट, बियरच्या काचेच्या बाटलीचे ८ सेंट. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राच्या तोंडात सारली की पैशांची चिठ्ठी मिळते. मित्रमंडळी शनिवारी रात्री माझ्या खोलीवर येऊन जी संपत्ती सोडून जातात, ती रविवारी कोपऱ्यात पोतंभर पडलेली असते. यंत्र दुकानात, दुकान बंद. खिशात दमडी नाही आणि खोलीत पाऊल ठेवायला जागा नाही, अशी श्रीमंती मी दर आठवड्याला भोगतो. पोतं हलवायचं तर तेही उचलून, फरफटवून नाही. खाली आजी आहेत.

कपडे धुवावेत तर आमच्या इमारतीच्या नियमावलीत रविवारी धुलाई यंत्राला सुट्टी. (नियमावली खूप जाड आहे. मी जर्मन भाषा अर्धीअधिक तिच्यातूनच शिकलो.) मग माणसाने करायचं काय? जर्मन माणसं फिरायला जातात. पाऊस असो, बर्फ असो, सबंध कुटुंब जाकिटं चढवून इंग्लिश गार्डनमध्ये चालत सुटतं. कुठे चाललात, असं विचारायचं नसतं. कुठेच नाही. जायचं आणि परत यायचं. मीही एकदोनदा तसा चाललो. उन्नती झाली की नाही सांगता येत नाही, भूक मात्र सडकून लागली.

भूक लागली की रविवारी एकच तीर्थक्षेत्र उरतं: मुख्य रेल्वे स्टेशन. प्रवाशांच्या गरजेपुरती दुकानं तिथे उघडी ठेवायला कायद्याची परवानगी आहे. स्टेशनात अनेक वर्षं बांधकाम चालू आहे, त्यामुळे दुकानापर्यंत पोचणं हाच एक प्रवास. दारापासून रांग. रांगेत माझ्या वर्गातला इराणी, पलीकडच्या लॅबमधली व्हिएतनामी मुलगी, दोन तेलुगू सीनियर आणि मी. एकाच्याही पाठीवर प्रवासाची बॅग नाही. माझ्या हातात दोन किलो कांदे, सीनियरांच्या हातात दह्याचे डबे, आणि त्या व्हिएतनामी मुलीने फरशी पुसायचं कापड घेतलेलं. कुठल्या गाडीत लागणार होतं ते? कुणी कुणाला काही विचारत नाही. काउंटरवरच्या बाईने मात्र कांद्यांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी मनापासून 'शुभ प्रवास' म्हणाली.

संध्याकाळी देश पुन्हा चिडीचूप. आणि मग सव्वाआठ वाजता खून होतो.

दिवसभर पान हलू न देणारी ही माणसं रविवारी रात्री टीव्हीसमोर बसून प्रेतं मोजतात. खुनाच्या तपासाची ही मालिका १९७० पासून चालू आहे. प्रत्येक भाग दीड तासाचा, दर वेळी वेगळं शहर, वेगळे पोलीस. आजींच्या कानाला आल्याचा ठेचा स्लॅबमधून पोचतो, पण टीव्हीचा आवाज पोचत नाही, म्हणून त्या तो पूर्ण वाढवतात. माझ्याकडे टीव्ही नाही. तरी प्रसारणाची वर्गणी महिन्याला १८ युरो ३६ सेंट मी भरतो, कारण ती माणशी नसून घरटी आहे आणि घरात टीव्ही असला-नसला याच्याशी तिला कर्तव्य नाही. त्यामुळे मी हक्काने जमिनीवर उशी टाकून आडवा होतो आणि फरशीतून मालिका ऐकतो. चेहरे दिसत नसल्याने खुनी कोण ते मला बहुतेक वेळा आजींच्या आधी कळतं.

नऊच्या पुढे शेवटचा पाठलाग सुरू होतो. टायर किंचाळतात, गोळ्या सुटतात, कुणीतरी 'पोलीस!' म्हणून ओरडतं. मी उठतो, आठवड्याचं आलं आणि लसूण भांड्यात टाकतो, आणि मिक्सर तीनवर फिरवतो.