पुटपुट

जडजंबाळ इंग्रजीला मी भीत नाही. 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'एक्स्टिंग्विश' हे लॅटिन घराण्यातले शब्द दिसायला दांडगे, पण स्वभावाने सरळ. एकदा पाठ केले की एका अर्थाला चिकटून संसार करतात. माझा जीव घेतो तो 'पुट'. तिन्ही काळांत एकच रूप. शाळेत पुट-पुट-पुट असं पुटपुटलं की अभ्यास संपला. तेव्हा वाटायचं, किती गरीब शब्द!

गरीब कसला! मागे 'ऑफ', 'अप', 'आउट' असलं काही लागलं की याच्या अंगात येतं. मीटिंग 'पुट ऑफ' झाली म्हणजे पुढे ढकलली. वासाने मी 'पुट ऑफ' झालो म्हणजे मला किळस आली. आग 'पुट आउट' केली की विझते. माणूस 'पुट आउट' झाला की उलट धुमसायला लागतो. पाहुण्याला 'पुट अप' करायचं म्हणजे घरी ठेवून घ्यायचं, आणि तो हलायचं नाव घेईना की 'पुट अप विथ' करायचं, म्हणजे मुकाट सोसायचं. आदरातिथ्य आणि सहनशक्ती यांत एका 'विथ'चंच अंतर असतं, हे मात्र इंग्रजांनी बरोबर हेरलंय.

त्यात 'इट' नावाचा उपटसुंभ. 'पुट ऑफ द मीटिंग' चालतं, 'पुट द मीटिंग ऑफ'ही चालतं. पण मीटिंगच्या जागी 'इट' आला की त्याला मधलीच खुर्ची हवी: 'पुट इट ऑफ'. 'पुट अप विथ'मध्ये तोच 'इट' निमूटपणे शेवटी बसतो. का, ते विचारायचं नाही.

या जोडगोळ्यांना 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव सुचवलं ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी ते १९२५ च्या पुस्तकात वापरलं. आजाराला नाव मिळालं, एवढंच. आणि 'पुट' हा काही टोळीचा म्होरक्याही नव्हे. त्याच कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' ४३० अर्थ घेऊन मिरवत होता. पुढे पीटर गिलिव्हर या कोशकारांनी एकट्या 'रन'साठी नऊ महिने काढले आणि ६४५ अर्थ जन्माला घातले. गांधारी शंभरावर थांबली होती.

(आपल्या 'लागणे'बद्दल कुणी बोलू नये. झोप लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वाट लागते. पण ते घरचं प्रकरण आहे.)

'पुट डाउन'ला तर मी हातच जोडतो. पुस्तक 'पुट डाउन' करवत नाही, ही स्तुती. माणसाला 'पुट डाउन' केलं, हा पाणउतारा. बाळाला रात्री 'पुट डाउन' करतात म्हणजे निजवतात. आजारी, म्हाताऱ्या कुत्र्याला 'पुट डाउन' करतात तेव्हा तो पुन्हा उठत नाही. आई आणि पशुवैद्य एकच क्रियापद वापरतात आणि कुणाच्या काळजाचा ठोका चुकत नाही!

परवा एका कस्टमर केअरला फोन केला. पलीकडच्या बाई मधाळ आवाजात म्हणाल्या, "आय विल पुट यू थ्रू." याचा एक अर्थ फोन जोडून देणे, दुसरा हालअपेष्टांतून जायला लावणे. मग बासरी सुरू झाली. बासरीनंतर "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे". मग पुन्हा बासरी. एका वाक्यात एका वेळी एकच अर्थ घ्यावा म्हणतात. त्या अर्ध्या तासात फक्त पहिला तेवढा लागू पडला नाही.