जिना उतरताना कळतं खरं काय ते
व्यायामानंतरचं अंग दुखणं म्हणजे लॅक्टिक ॲसिड (जोराच्या व्यायामात स्नायूंत तयार होणारं आम्ल) साचणं, असं एका लेखात लिहिलंय ते चूक आहे हो, ते तर तासा-दोन तासात निघून जातं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे ठणकतं ते स्नायूंना बारीक इजा झाल्यामुळे. मी घरीच इन्सॅनिटी (व्हिडिओ बघून करायचा, उड्यांचा दमवणारा ६० दिवसांचा व्यायाम) करतेय, आज ११वा दिवस. पहिल्या आठवड्यात कठडा धरून खेकड्यासारखी आडवी जिना उतरत होते, सासूबाई म्हणाल्या हौसेनं कुणी असं करून घेतं का 😄 पडून राहिलं की जास्तच आखडतं, जरा चाललं की मोकळं वाटतं. मोटिव्हेशन वगैरे काही नाही, शूज रात्रीच मॅटजवळ ठेवते आणि चहाच्या आधी उरकते. गुडघ्यात कळ आली तर मात्र उड्या बंद, आणि लघवी काळपट झाली तर सरळ डॉक्टर गाठा.