‘चीक पिळून टाका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर ‘जुन्या जाणत्या बायांचा सल्ला’ म्हणून एक मेसेज हिंडतोय. सार असं: पहिले तीन दिवस आईला दूध नसतं, पिवळा चीक जड असतो, तो पिळून टाका, तोवर बाळाला मध चाटवा, खान्देशच्या उन्हात वरून पाणी पाजा, आणि शेतातून तापून आलेल्या आईचं दूध बाळाला बाधतं. खाली हात जोडलेले, ‘पुढे पाठवा’. पाठवण्याआधी थोडं थांबा.

आधी चीक. गाय व्याली की चिकाचा खरवस आपण शेजारीपाजारी वाटून खातो, आणि बाईचा चीक तेवढा जड! तो थोडा असतो हे खरं. पण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चमचाभरच मावतं, आणि त्या चमच्यात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं नि अ जीवनसत्त्व ठासून भरलेलं असतं. शिवाय दूध उतरतं ते बाळ ओढतं म्हणून. तीन दिवस बाळ छातीला लावलंच नाही, तर चौथ्या दिवशी ‘हिला दूधच नाही’ म्हणायला सगळे मोकळे. जन्मल्यापासून तासाभरात बाळ लावायचं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातली 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, पण तासाभरात आईचं दूध मिळालेली मुलं फक्त 41.8 टक्के. तेव्हा सगळं खापर सासूबाईंवर फोडू नका. दवाखान्याच्या खाटेवरही ती वेळ हुकतेच आहे.

मध वर्षाच्या आत नाहीच. त्यात बोट्युलिझम या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते पचतात, तान्ह्याला लुळं पाडू शकतात. सोन्याच्या अंगठीनं चाटवला तरी मध तो मधच.

पाण्याचा मुद्दा पटकन पटतो, कारण मे महिन्यात भुसावळला पारा 45 ला टेकतो तेव्हा आपलाच घसा कोरडा पडतो. पण आईच्या दुधात 87-88 टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळाला जास्त वेळा पाजायचं, झालं. वरच्या पाण्यानं पोट भरलं की ते कमी ओढतं, म्हणून दूध कमी उतरतं. हंड्यातल्या पाण्यानं जुलाब लागले तर ते वेगळंच. पहिल्या आठवड्यानंतर दिवसरात्रीत सहा वेळा किंवा जास्त शू होत असेल, वजनही वाढत असेल, तर सहा महिने थेंबभर पाणी नको. गुटीही नको. तहान लागते ती आईला, आणि बाळंतिणीला पाणी मोजून देणारी घरं अजून आहेत. तांब्या तिच्या उशाशी ठेवा.

राहिलं ‘तापलेलं दूध’. ऊन डोक्यावर असो की नसो, छातीतलं दूध अंगाच्या उबेचंच असतं. ते नासत नाही, आंबत नाही. साध्या तापातही पाजता येतं. एखादं जालीम औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारावं.

खरी अडचण या मेसेजमध्ये कुठेच नाही. दसऱ्यानंतर कापूस वेचणीला गेलेली बाई सकाळची संध्याकाळी परतते, बाळ घरी आजीजवळ. दिवसभर कोणी ओढलं नाही की दूध आटतं, आणि बोल लागतो तिच्या दुधाला. दुपारी कुणी बाळ बांधावर आणून दिलं, निंबाखाली झोळी बांधली, तिला पाजायला अर्धा तास सुट्टी दिली आणि त्या अर्ध्या तासाची मजुरी कापली नाही, तर बरंच निभतं. शेतमालकांच्या ग्रुपवर पाठवायचंच असेल तर हे पाठवा.